मुक्ता, आधी ऊन मोज

पुणे, दिवाळीच्या तोंडावर

प्रिय मुक्ता,

गणपतीपासून तुझा एक फोन नाही. आणि परवा रात्री साडेअकराला अचानक तीन ग्रीनहाउसचे फोटो, खाली एक ओळ: ‘मावशी, यातलं कुठलं घेऊ?’ ना ख्यालीखुशाली, ना काकांच्या गुडघ्याची चौकशी. रागच आला. म्हटलं, सकाळी चांगलं खरमरीत उत्तर लिहू. मग फोटोंच्या खाली तू काय काय लावणार आहेस त्याची यादी दिसली. कढीपत्ता, मोगरा, अळू, गवती चहा, कारली.

ती वाचली आणि राग कुठल्या कुठे गेला. ही यादी मला पाठ आहे गं. वाईच्या घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला कढीपत्ता, मग मोगरा, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, विहिरीकडे गवती चहा आणि शेवटी कुंपणावर चढलेली कारली. तू त्याच क्रमाने लिहिलंस. तुझ्या लक्षात तरी आलं का? ताईला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. घराचं काय चाललंय ते तुझ्या दादाकडून कळतं मला. त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही. आपण ग्रीनहाउसबद्दल बोलू.

तुझा समज असा दिसतो की काचेच्या चार भिंती उभ्या केल्या की आत आपोआप वाई होते. होत नाही. लेस्टरला आमच्याकडे काचघर होतं तेव्हा तू इतके शनिवार-रविवार त्यात घालवलेस, तरी हे कसं ध्यानात आलं नाही? काच ऊब तयार करत नाही. ऊन आत येतं, माती तापते, मातीने हवा तापते आणि ती हवा निसटून जाऊ शकत नाही, एवढंच. मुळात ऊनच नसेल तर काच काय धरून ठेवणार? थंडीतल्या निरभ्र रात्री, आत हीटर नसेल तर, बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक-दोन अंश जास्त असतात. म्हणजे बाहेर पाणी गोठलं तर आतही गोठतं.

आणि थंडीचं एक वेळ काही करता येईल. उजेडाचं काय करशील? तुझ्या रेडिंगला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. इथे पुण्यात तेव्हाही अकरा तास उजेड असतो. भर दुपारी तुझ्याकडे सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १५ अंश वर येतो, आमच्याकडे ४८. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दहा तासांचासुद्धा दिवस नाही, त्या काळात बहुतेक रोपं मरत नाहीत पण वाढतही नाहीत. नुसती उभी असतात. तेव्हा ग्रीनहाउस घेऊन तुला उन्हाळा मिळणार नाही. वसंत महिनाभर आधी येईल आणि शरद महिनाभर उशिरा जाईल. मी म्हणते, तेही थोडं नाही. पण पैसे कशाचे देतेयस ते माहीत असावं.

म्हणून म्हणते, कुठलं घेऊ हा प्रश्न नंतरचा. कुठे ठेवू हा आधीचा. या रविवारी बागेत जा, दहाला जा, एकला जा, तीनला जा, आणि सावली कुठे पडते ते खडूने आखून ठेव. ओजसला बरोबर घे, त्याला खेळ वाटेल. दक्षिणेच्या बाजूचं तुमचं ते सहा फुटी लाकडी कुंपण आहे ना, त्याची सावली डिसेंबरातल्या दुपारी बावीस फूट आत येते. फेब्रुवारीच्या मध्यावर, म्हणजे तू बिया पेरायला घेशील तेव्हासुद्धा, बारा फूट. आणि तू म्हणतेयस ती जागा नेमकी त्या कुंपणाला चिकटून आहे! तिथून हलव. शेजारच्यांच्या बर्च झाडाखालीही नको. पानं पडून काचा काळ्या होतात आणि वादळात एखादी फांदी आली की संपलं. बागेच्या पार टोकाला तर मुळीच नको. पाण्याचा नळ आणि स्वयंपाकघराचं दार यांपासून जितकं जवळ तितकं बरं. पावसात बूट चढवून जावं लागतं तिथे माणूस जानेवारीत जात नाही, कितीही हौस असो. आणि हो, शेजाऱ्यांच्या हद्दीपासून दोन मीटरच्या आत उभारणार असाल तर उंची अडीच मीटरच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर परवानगीची भानगड. नव्या वसाहतीत घर घेतलंयत, तेव्हा खरेदीच्या कागदांत आणखी काही अटी आहेत का तेही बघून घ्या.

आता तुझे फोटो. तिसरा, सीडरच्या लाकडाचा, खाली विटांची बुटकी भिंत असलेला, फार देखणा आहे. त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढावेत. किंमत बघितलीस ना? लाकूड ऊब धरतं हे खरं, पण दर काही वर्षांनी त्याला तेलपाणी करावं लागतं, आणि तुम्ही दोघं स्वतःच्या दारालाही रंग देत नाही. पहिला, चार बाय सहाचा, सवलतीत आहे म्हणून तुझा जीव त्यात अडकलाय, कळतंय मला. तो घेऊ नकोस. जितकं लहान घर तितकी आत हवा कमी, आणि कमी हवा झटकन तापते, झटकन गार होते. नवख्या माणसाच्या हाती लहान ग्रीनहाउस देणं हा अन्याय आहे. शिवाय दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवल्या की तू आत वळणार कशी? मधला घे, सहा बाय आठ, अ‍ॅल्युमिनियमचा. दिसायला रुक्ष आहे. कुजत नाही, गंजत नाही, मागे लागत नाही.

काचेचं विचारायचं तुला सुचलं नाही, पण खरी मेख तिथे आहे. स्वस्तातल्या सांगाड्यात तीन मिलिमीटरची साधी बागकामाची काच येते, तुकड्या-तुकड्यांची, एकावर एक चढवलेली. ती फुटली की सुऱ्या होतात. तुझा ओजस तीन वर्षांचा आणि त्याचा चेंडू. चार मिलिमीटरची टफन्ड काचच घे, ती फुटली तर साखरेसारखी सांडते. फक्त ती नंतर कापता येत नाही, तेव्हा मापं नीट घे. पॉलिकार्बोनेटच्या दुपदरी पत्र्याचा मोह होईल, कारण तो फुटत नाही आणि ऊबही काचेपेक्षा जास्त धरतो. पण तो हलका असतो, सोसाट्याच्या वाऱ्यात खाचेतून उडून जातो आणि काही वर्षांत पिवळट पडतो. लेस्टरच्या आमच्या मागच्या गल्लीत एकांचे असे पत्रे वादळानंतर तीन घरांच्या बागांतून गोळा केलेले तू पाहिलेयस. पाया सपाट आणि चौकट त्याला बोल्टने घट्ट आवळलेली, एवढं मात्र काहीही घेतलंस तरी हवंच. पाया अर्धा इंच तिरका असला तर काचा बसत नाहीत आणि दार कायम कुरकुरतं.

आणि आता जूनमधली ती गोष्ट काढतेच, रागावू नकोस. काकांची बायपास झाली ते दिवस. लफबरोच्या कॉलेजातून रोज बसने येऊन तू आमचं घर सांभाळलंस, माझ्यासाठी डबा घेऊन हॉस्पिटलात येत होतीस, परीक्षा तोंडावर असताना. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिते. त्या दिवसांत माझं दुसरं कुणी नव्हतं तिथे. आणि त्यातच एका दुपारी तुझा रडत फोन आला, मिरच्यांची सगळी रोपं माना टाकून पडलीत, टोमॅटोची फुलं गळालीत, मावशी मी रोज पाणी घातलं गं! पाणी घातलंस, खरंय. पण रात्री रोपांना थंडी वाजेल म्हणून दार आणि छताची खिडकी लावून घेतलीस, सकाळी तशीच बंद ठेवून कॉलेजला गेलीस. बाहेर पंचविशीतलं ऊन होतं, आत चाळीसच्या वर गेलं असणार. तू मायेनेच त्यांना भाजलंस.

ते आठव, म्हणजे मी काय सांगतेय ते कळेल. इंग्लंडमधल्या काचघरात थंडीने मरतात त्यापेक्षा जास्त रोपं बंद खिडकीने मरतात, हे माझं इतक्या वर्षांचं मत आहे. आत २७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी छतातल्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या साधारण एक पंचमांश असावं, असं तिकडचे जाणते सांगतात. आता हिशेब कर. सहा बाय आठ म्हणजे ४८ चौरस फूट, त्याचा पाचवा हिस्सा साडेनऊच्या आसपास. आणि विकणारा एकच खिडकी देतो, दोन बाय दोनची! दुसरी मागून घे. तिचे वेगळे पैसे पडतील, द्यायचे. शिवाय बाजूच्या भिंतीत खाली झडपांची एक खिडकी, म्हणजे खालून गार हवा येईल, वरून तापलेली जाईल.

छताच्या खिडक्यांना आपोआप उघडणारा तो दांडा बसव. काकांचं सगळ्यात लाडकं यंत्र. एका नळीत मेण असतं, ऊन चढलं की ते फुगून दट्ट्या ढकलतं आणि खिडकी उचलली जाते. गार झालं की मेण आकसतं, खिडकी मिटते. वीज नाही, बॅटरी नाही. काका त्याच्याकडे घरात जावई आल्यासारखे बघायचे. आत्ताही शेजारी बसून म्हणतायत, तिला सांग तो दांडा थंडीत काढून ठेवायचा. सांगितलं.

जूनमध्ये कडक ऊन पडलं की काचेवर पांढरा पातळ रंग मार किंवा जाळी टाक, आणि सकाळी आतल्या फरशीवर पाणी शिंपड. हवा दमट राहिली की लाल कोळी फिरकत नाही. तो आणि पांढरी माशी, हे दोघं येणारच. फवाऱ्याकडे धावू नकोस, ओजस तिथलेच टोमॅटो तोडून खाणार आहे. पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालणारी एक इवलीशी गांधीलमाशी असते, एन्कार्सिया. ती छोट्या कार्डांवर चिकटवून पोस्टाने घरी येते. १९२० च्या दशकात हार्टफर्डशरमधल्या चेशंटच्या केंद्रात टोमॅटोवाल्यांसाठी तिच्यावर काम झालं, तेव्हा ती तिकडच्या काचघरांत नोकरीला लागली.

हीटरचं तू शेवटी घाईत विचारलंयस, ‘एखादा लावला तर मोगरा राहील ना?’ चॅट्सवर्थ आठवतं? आपण चौघं गेलो होतो, ताई आली होती त्या उन्हाळ्यात. झुडपांच्या भूलभुलैयात ताई हरवली आणि आतून तुला हाका मारत होती. त्याच जागेवर पूर्वी जोसेफ पॅक्स्टनने १८४० च्या सुमारास पुरं केलेलं अवाढव्य काचघर होतं. तेव्हा काचेवर करसुद्धा होता, तो उठला १८४५ मध्ये. पुढे १८५१ मध्ये लंडनचा क्रिस्टल पॅलेस ज्याने उभा केला तोच हा पॅक्स्टन. आत उष्ण प्रदेशातली झाडं, जमिनीखालून कोळशाच्या गाड्या. ड्यूकचा पैसा, ड्यूकचे नोकर! पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली आणि १९२० मध्ये ते पाडूनच टाकलं. ड्यूकला जे झेपलं नाही ते तुझ्या विजेच्या बिलाला कसं झेपेल?

त्याच बागेत पॅक्स्टनने काचेखाली केळी पिकवली, १८३० च्या दशकात. ड्यूकच्या घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून त्या केळ्याचं नाव कॅव्हेंडिश. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन त्याच गोतातल्या. तेव्हा ताईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘म्हणजे आपलं केळं या थंडीत राहून गेलंय का? शहाणं, म्हणून परत आलं.’

ती तुझ्याकडे बघून बोलली होती. तू न ऐकल्यासारखं केलंस.

तर हीटर. रॉकेलचा अजिबात नको. जितकं रॉकेल जळतं जवळपास तितकंच पाणी वाफ होऊन हवेत येतं, काचा ओल्या आणि पानांवर बुरशी. विजेचा पंख्याचा हीटर, थर्मोस्टॅटवाला, तो चालेल, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळ्या रोपांना गारठ्यातून वाचवण्यापुरता. त्याआधी आतून बबल-रॅप लावून घे. अख्खा हिवाळा काचघर तापवत बसायचं नाही.

मग यादीचं काय? कढीपत्ता लाव, पण कुंडीत. मे अखेर ते सप्टेंबर काचघरात, रात्री दहा अंशांखाली जायला लागल्या की घरात दक्षिणेच्या खिडकीशी. थंडीत पानं गाळेल, अगदी काटकी होईल. तेव्हा घाबरून पाणी ओतशील आणि नेमकी त्यानेच मुळं कुजतील. नखाने साल खरवडून बघ, खाली हिरवं असेल तर जिवंत आहे, थांब. गवती चहाचंही तेच, फक्त तो जरा चिवट. अळूसाठी इंडियन दुकानातून अरवीचे कंद आण, मोठ्या कुंडीत भरपूर पाणी दे. पहिल्या हिमाआधी कंद काढून कोरडे ठेव. वडी होईल, ताईच्या काळ्या देठाच्या अळूची होईल असं नाही. घसा खवखवला तर चिंच वाढव. कारल्याच्या बिया रात्रभर भिजवून एप्रिलमध्ये घरात उबेला पेर, जूनमध्ये काचघरात हलव. आत मधमाश्या फारशा येत नाहीत, तेव्हा सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर तूच टेकवायचं. मादी ओळखायची कशी? फुलामागे बोटभरही नसलेलं कारलं असतं.

मोगरा वगळ. जगेल, उन्हाळ्यात चार फुलंही देईल, पण इंग्लंडच्या खोलीत हिवाळाभर त्याचे हाल बघायची तुला सवय नको. ताईनेही त्याला असं ठेवलं नसतं.

त्याच्या जागी जे तिथे खरंच पिकतं ते लाव. टोमॅटो. उघड्यावर करपा येतो, काचेखाली पीक हाती लागतं. ‘शर्ली’ किंवा ‘गार्डनर्स डिलाइट’ घे, पानांच्या बेचक्यातले फुटवे खुडत राहा, दुपारी फुलांच्या घोसाला टिचकी मार. पाणी मात्र रोज आणि सारखं. सोमवार ते शुक्रवार विसरून शनिवारी बादली ओतलीस तर फळांची बुडं काळी पडतील. आणि मार्चमध्ये ट्रेमध्ये मेथी, आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत समुद्रमेथी पेरतात तशी अगदी दाट. पंधरा-वीस दिवसांत कापायला येते. पहिल्या वर्षी एवढं पुष्कळ. सकाळी काचघर उघडणार कोण, तू की तुझा नवरा, हे मात्र आजच ठरवा. दोघंही म्हणाल ‘बघू’, तर घेऊच नका.

गंमत सांगू? इथे आमच्या सोसायटीत एकांना गच्चीवर ‘लंडनसारखं’ काचेचं ग्रीनहाउस हवंय. पुण्याच्या एप्रिलमध्ये! तळेगावला गुलाब-जरबेराची पॉलिहाउसं आहेत ती काही ऊब धरायला नव्हेत. तिथे पावसाची झोड, कडक ऊन आणि किडी बाहेर ठेवायच्या असतात. मी त्यांना म्हटलं, हिरवं शेडनेट बांधा, हजारभरात काम होईल. ते दुखावले. मोठं काही घ्यायचं मनात असलं की स्वस्त उत्तर कुणालाच नको असतं, तुलाही नकोच असणार.

शेवटचं, आणि हे नीट वाच. डिसेंबरात येशील तेव्हा वाईला जाऊन कढीपत्त्याच्या बुडातलं पिल्लू बॅगेत घालायचा विचार तुझ्या मनात असणार. घालू नकोस. रोप असो, बी असो, वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय तिकडे नेता येत नाही, आणि कढीपत्ता तर लिंबा-संत्र्याच्या कुळातला, त्याच्यावरून त्यांचे रोग आणि किडी जातात. रेडिंगच्याच एखाद्या रोपवाटिकेतलं घे. ते तिथल्या उजेडात वाढलेलं असेल, टिकेल. वाईचं पिल्लू ताईच्या वर्षश्राद्धाआधी मीच जाऊन काढून आणलंय. माझ्या गॅलरीत आहे, तीन नवी पानं आलीत. तुझ्या नावावर आहे, पण राहील इथेच.

पाया इकडे यायच्या आधी घालून घे. फेब्रुवारीच्या अखेरीस टोमॅटो पेरायचे आहेत.

तुझी,
मावशी